कापलेली चार वाक्यं

लोकांची मतं वाचण्याचा कोणी पगार देतं, हे तिच्या नवऱ्याला अकरा वर्षांत पटलं नव्हतं. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. यंत्र बिघडतं, आपण खोलतो, तेल घालतो, ते चालतं, याला काम म्हणतात असं त्याचं म्हणणं. "आणि तू काय करतेस? लोक बोलतात ते वाचतेस. ते तर शेजारची काकू फुकटात करते."

ती हसायची. हसणं हा तिचा स्वभावच. लिफ्ट बंद पडली की म्हणायची, बरं झालं, पाय मोकळे होतील. डबा सांडला की म्हणायची, नाहीतरी आज भाजी खारटच झाली होती. अशा माणसांना महिन्यातून एखादा दिवस सक्तीची सुट्टी द्यायला हवी, म्हणजे बाकीच्यांना निवांतपणे रडता येईल. पण ऑफिसात ती सगळ्यांना हवीहवीशी होती. वयाने सगळ्यांत मोठी, चोपन्नची, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. साहेबसुद्धा.

कंपनी घरबसल्या सिनेमे दाखवायची. प्रत्येक सिनेमाखाली प्रेक्षक आपला अभिप्राय लिहीत आणि पाचांपैकी तारे देत. तो अभिप्राय लोकांना दिसण्याआधी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जायला हवा, म्हणून तिसऱ्या मजल्यावर सहा जणांचा एक विभाग होता. प्रत्येकासमोर पडदा आणि पडद्यावर तीन बटणं. 'जाऊ दे', 'काढ' आणि 'कात्री'. कात्री कशासाठी? अभिप्राय चांगला आहे, पण मध्येच एक शिवी आहे, नाहीतर सिनेमाचा शेवट फोडलाय, नाहीतर सिनेमाशी संबंध नसलेल्या कोणावर तरी आरोप आहे. तर तेवढंच कापायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं. नवीन पोरं कापायची तेव्हा वाक्यांचे लचके तोडल्यासारखं दिसायचं. ताईंनी कापलं तर कळायचंसुद्धा नाही. साहेब नव्या माणसाला आधी तिच्याच शेजारी बसवत.

तो जुना सिनेमा आला आणि तिचं सगळं बिनसलं.

सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनीने त्याची प्रत धुऊनपुसून पुन्हा लावली होती. गोष्ट सगळ्यांना पाठ. एक अनाथ पोरगी, पायात दोन मापं मोठे बूट. तिला एका खडूस घड्याळजीच्या घरी पाठवतात. तो तिला माळ्यावर झोपवतो, तर ती म्हणते, वा, इथून तर चंद्र दिसतो! तो उपाशी ठेवतो, तर म्हणते, आज पोट हलकं वाटतंय. शेवटी घड्याळजी विरघळतो, अख्खं गाव विरघळतं. रुमाल न भिजवता तो पाहिलेला माणूस विरळाच.

अभिप्रायांचा नुसता पूर आला. व्यक्ती तितक्या प्रकृती. एका आजोबांनी लिहिलं होतं, "पाच तारे. माझी बायको हा सिनेमा बघताना पहिल्यांदा माझ्या खांद्यावर झोपली होती. शेवट आम्हाला दोघांनाही माहीत नाही." एका बाईंनी लिहिलं, "दोन तारे. मुलगी सतत एवढी खुश कशी? माझी मुलं साखर खाल्ल्यावर अशी वागतात." एक गृहस्थ नाकाने कांदे सोलत होते, घड्याळजीच्या दुकानातलं एक घड्याळ त्या काळातलं नाहीच, हे त्यांनी चार परिच्छेदांत सिद्ध केलं होतं. समोर बसणारी चष्मेवाली पोरगी एकेक वाचून दाखवायची आणि सगळा विभाग खिदळायचा.

ताई नेहमीसारखी हसत होती, पण तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. पाण्याची बाटली अर्धी असतानाच भरायला उठायची. परत येऊन बसायची, पुन्हा उठायची. "ताई, आज काय मुंग्या चावतायत का खुर्चीत?" चष्मेवालीने विचारलं. "अगं, चालणं चांगलं असतं," ती म्हणाली.

खरी गोष्ट अशी, की हा सिनेमा तिने नऊ वेळा पाहिला होता. तीन वर्षांची असल्यापासून ती एका संस्थेत वाढली. नवऱ्याला हे माहीत होतं. 'लहानपण संस्थेत गेलं, छान गेलं,' एवढंच तिने त्याला सांगितलं होतं आणि तोही बापडा पुढे काही विचारायला गेला नाही. ऑफिसात तर तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. संस्थेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. वर्षातून एकदा देणगीदार पाहुणे पाहणीला येत, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बाई सगळ्या मुलींना दालनात बसवून हा सिनेमा दाखवत. संपला की दिवे लावून म्हणत, "बघितलंत? हिला काय कमी त्रास होता? पण चेहरा बघा. उद्या मला असे चेहरे हवेत."

आणि मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, तिच्या पडद्यावर एक अभिप्राय उतरला.

"तीन तारे. आमच्या संस्थेत हा सिनेमा दर वर्षी चादरीवर दाखवत. चादर मध्ये फाटलेली होती, त्यामुळे त्या मुलीच्या गालाला कायम एक भोक दिसायचं. तरी आम्ही सगळ्या हसायचो, टाळ्या वाजवायचो. आमच्यातही एक तशीच होती. आम्ही तिला हसरी म्हणायचो. मी अकरा वर्षांची असताना अंगात ताप होता आणि उलट उत्तर दिलं म्हणून मला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं, पाहुणे आले ते नेमके दाराबाहेर उभे राहिले, त्यांनी विचारलं की सगळ्या आहात ना, काही त्रास नाही ना, तेव्हा हसरी म्हणाली, सगळ्या आहोत, सगळं छान आहे. मी आतून ऐकलं. या सिनेमातली मुलगी गोड आहे. काल नातवंडांबरोबर पुन्हा पाहिला. नातवंडं हसली तेव्हा बरं वाटलं."

खाली नाव नव्हतं. टोपणनावाच्या जागी नुसता एक आकडा होता. पण नाव लागतंय कोणाला? त्या चादरीचं भोक तिने बोट घालून मोठं केलेलं होतं. सामानाच्या खोलीत कोंडलेली ती मुलगी म्हणजे तिच्या शेजारच्या खाटेवरची. सगळ्या तिला लांबी म्हणत, कारण वयाच्या मानाने ती उंच होती. आणि हसरी कोण, ते चोपन्नाव्या वर्षी तिला आरशात बघून ठरवायची गरज नव्हती. चाळीस वर्षांत तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. तिने टेबलाची कड धरली.

"ताई, चला जेवायला," चष्मेवाली म्हणाली.

"आले, एवढं एक करून."

आणि तिने काय केलं? तर कात्री घेतली. 'आमच्यातही एक तशीच होती' इथपासून 'मी आतून ऐकलं' इथपर्यंत चार वाक्यं. कापली. मनात नियमही तयार होता: सिनेमाशी संबंध नसलेल्या व्यक्तीवर आरोप. नियमाला धरून होतं ना? होतं. उरलेलं वाचून पाहिलं. आम्ही सगळ्या हसायचो, टाळ्या वाजवायचो, या सिनेमातली मुलगी गोड आहे. कुठे सांधा दिसत नव्हता. तिने 'जाऊ दे' दाबलं आणि जेवायला गेली. जेवताना तिने सगळ्यांना दोन विनोद सांगितले. घास मात्र एकही नीट गिळला नाही.

बुधवारी ती घरी भांडी घासताना मध्येच हात पुसून दोनदा मोबाईल बघून आली. नवरा म्हणाला, "कोणाचा फोन यायचाय?" "छे, कोणाचा येणार?" रात्री कूस बदलून बदलून तिने पांघरुणाची दोरी केली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं. स्वतःशी वाद घालत होती. मी आठ वर्षांची होते. मी सांगितलं असतं तर मलाही कोंडलं असतं. मला काय माहीत ती आत होती म्हणून? इथे आलं की वाद अडायचा. कारण माहीत होतं. तिच्या डोळ्यांसमोर लांबीला दंडाला धरून नेलं होतं. पाहुणे उभे होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर कुलूप होतं, आणि ते कुलूप तिला दिसत होतं. ती का हसली, हेही तिला माहीत होतं. पाहुणे कधीकधी एखादी मुलगी आवडली तर घरी घेऊन जात, असं मुलींमध्ये बोललं जायचं. तिला वाटलं होतं, आपल्याला नेतील.

तिला कोणी नेलं नाही. पाहुण्यांनी गालाला हात लावला आणि मोठ्या बाईंनी दोन बिस्किटं जास्त दिली. ती तिने खाल्ली. हेही सांगायला हवं, कारण पुढची कितीतरी वर्षं तिच्या आठवणीत बिस्किटं होती आणि दार नव्हतं. लांबीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर काढलं. त्या तापात तिचा डावा कान गेला. मग वर्गात ती उजवा कान पुढे करून बसायची आणि मुली तिला चिडवायच्या. दोन वर्षांनी तिची बदली दुसऱ्या संस्थेत झाली. त्या दोन वर्षांत ती हसरीशी एक शब्द बोलली नाही, आणि हसरीने सगळ्यांना सांगितलं की तिला ऐकू येत नाही ना, म्हणून.

गुरुवारी साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. सिनेमाच्या पन्नाशीसाठी सर्वांत छान पाच अभिप्राय निवडून त्यांची मोठी भित्तिपत्रकं करायची होती. साहेबांच्या हातात कागद होता आणि चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा.

"ताई, हे वाचलंत तुम्ही? चादरीला भोक! अनाथ मुली, फाटकी चादर, आणि तरी सगळ्या हसतायत. अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा पहिल्या नंबरावर. छापायला पाठवलाय. छान आहे ना?"

सगळा विभाग तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडून शब्द सवयीने निघाले, विचार करायला थांबलेच नाहीत.

"हो साहेब. छानच आहे."

शुक्रवारी सकाळी ती आली तर खालच्या दालनात पुरुषभर उंचीचा कागद लागलेला. त्या बूटवाल्या मुलीचा हसरा चेहरा आणि त्याखाली ठळक अक्षरांत लांबीची वाक्यं. पहारेकरी मान वर करून वाचत होता. "काय लिहिलंय हो," तो म्हणाला. "गरिबीत पण माणसं सुखात असायची." ती लिफ्ट सोडून जिन्याने धावत वर गेली आणि धापा टाकत खुर्चीत बसली. पडदा उघडला. त्याच आकड्याकडून दुसरा अभिप्राय येऊन पडला होता. यात तारे दिलेले नव्हते.

"माझ्या अभिप्रायातून चार वाक्यं गेली आहेत. त्यात शिव्या नव्हत्या. कोणाचं खरं नाव नव्हतं. उरलेलं वाचून माझी सून म्हणाली, आई, किती छान होतं तुमचं लहानपण. त्या दिवशी मी दार वाजवलं नाही. पाहुण्यांनी विचारल्यावर हसरी सांगेल, असं मला वाटलं होतं. माझ्या वतीने परस्पर कोणीतरी सगळं छान आहे म्हणून सांगून टाकण्याची ही दुसरी वेळ. कापणारा कोण ते मला माहीत नाही. का कापलं, तेवढं त्याने सांगावं."

ती वाचत राहिली. 'हसरी सांगेल, असं मला वाटलं होतं.' हे तिला माहीत नव्हतं. शेहेचाळीस वर्षं तिने लांबीचा राग गृहीत धरला होता, पण दाराआड बसून तापाने फणफणलेली पोरगी आपल्यावर भरवसा ठेवून गप्प राहिली असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिला आपल्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

'काढ' हे बटण दोन बोटांवर होतं. दुसरा अभिप्राय काढला की संपलं. अशा तक्रारी रोज येतात, रोज निघतात, कोणी विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाहीतर कापलेलं परत जोडायचं. पण त्याची रीत वेगळी होती. कापलेलं जोडायचं तर नोंद करावी लागे: कोणी कापलं, का कापलं. ती नोंद विभागातल्या सहाही जणांना दिसे, साहेबांना दिसे, आणि अभिप्राय लिहिणाऱ्यालाही जशीच्या तशी जाई. म्हणून कापलेलं कोणी सहसा जोडत नसे. जोडलंच तर कारणाच्या चौकटीत सगळे एकच शब्द लिहीत: नजरचुकीने. तो शब्द इतक्यांदा लिहिला गेला होता की पहिलं अक्षर टाइप केलं की यंत्र उरलेला आपणहून पुढे करायचं.

तिने चौकट उघडली. 'न' टाइप केला. 'नजरचुकीने' पुढे आला.

किती सोपं होतं ते. वाक्यं परत जातील, लांबीला तिचं म्हणणं मिळेल, साहेब थोडे चिडतील, ताईंच्या हातून अकरा वर्षांत एक चूक झाली म्हणतील. सगळं नीट होईल. ती उठली, बाटली भरून आणली, न पिताच ठेवली. खिडकीपाशी गेली. परत आली. चष्मेवाली तिच्याकडे बघत होती.

"ताई, बरं नाहीये का?"

"नाही," ती म्हणाली. चष्मेवालीला तिच्या तोंडून हा शब्द नवीनच होता.

ती बसली. शब्द पुसला आणि लिहिलं: "नजरचूक नाही. मुद्दाम कापलं. ती हसरी मीच. तू आत आहेस हे मला माहीत होतं. कुलूप दिसत होतं." एवढं लिहिल्यावर तिला 'माफ कर' लिहावंसं वाटलं. लिहिलं, आणि पुसून टाकलं. लांबीने कारण विचारलं होतं, माफी द्यायची का असं नव्हतं विचारलं. तिने चारही वाक्यं होती तिथे जोडली, दुसऱ्या अभिप्रायावर 'जाऊ दे' दाबलं, आणि नोंद पाठवली.

सहा पडद्यांवर टिंग वाजलं. इतका वेळ कोणीतरी काहीतरी चघळत होतं, तेही थांबलं. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. पाच मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. "ताई, हे मला येऊन नुसतं सांगितलं असतं तर? आपण गुपचूप दुरुस्त केलं असतं. खाली एवढा मोठा कागद लावलाय. आता तो कागद वाचून कोणी सिनेमाखालचा पूर्ण अभिप्राय वाचला, तर त्याला कसं वाटेल?"

"तो कागद काढावा लागेल साहेब."

"ते तर काढतोच. पण तुमचं काय करू? तुम्ही स्वतःबद्दलचा अभिप्राय स्वतः कापलात. नियमाने मला तुमची कात्री काढून घ्यावी लागेल."

"घ्या," ती म्हणाली. "ती काढून घ्यायलाच हवी."

साहेबांना वाटलं ती नेहमीसारखं काहीतरी गोड बोलून त्यांचं अवघडलेपण घालवेल. ते वाट बघत राहिले. ती दाराकडे वळली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

दिवसभर तिने फक्त 'जाऊ दे' आणि 'काढ' केलं. दर दहा मिनिटांनी त्या आकड्याकडून काही आलंय का बघितलं. नोंद पोचल्याची आणि उघडल्याची खूण होती. उत्तर नव्हतं. संध्याकाळी निघताना दालनातल्या भिंतीवर नुसते चार खिळे होते.

घरी नवरा जमिनीवर कागद अंथरून एका यंत्राचं पोट उघडून बसला होता. तिने पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोठ्या बाई, पाहुणे, कुलूप, बिस्किटं, कान, कात्री. बसवतच नव्हतं तिला. दारापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालत ती बोलत होती, आणि एकदाही हसली नाही. नवऱ्याच्या हातातला स्क्रू तसाच राहिला.

तिचं बोलणं संपलं. त्याने तेलाचे हात फडक्याला पुसले. त्याला तिचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटल्यावर चांगला माणूस जे म्हणतो तेच तो म्हणाला.

"अगं, आठ वर्षांची होतीस तू. एवढीशी पोर."

ती फेऱ्या घालायची थांबली.

"असं म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होते हे मी आयुष्यभर मोजलंय. उद्या ऑफिसातही सगळे तेच म्हणतील. ती अकरा वर्षांची होती रे. ते कोणी म्हणत नाही."

समजूत घालायचे शब्द नवऱ्याच्या तोंडापर्यंत आले होते, ते त्याने गिळले.

"अकरा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आणि अंगात ताप होता." मग ती खाली बसली.